साठ कोंबड्यांचं मस्टर

बावीस नंबरच्या कोंबडीला मेमो मिळाला त्या दिवशी माझ्या मंजुळाने हातातलं पातेलं आपटलं आणि तरातरा कुंपणापाशी गेली. पलीकडे नंदकुमार प्रधान चष्मा नाकावर घेऊन त्या कोंबडीला कागद वाचून दाखवत होते.

"गेले पाच दिवस आपण कोणतेही कारण न कळवता अंडे दिलेले नाही. तरी खुलासा चोवीस तासांच्या आत सादर करावा."

कोंबडीने मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या चपलेवर शिटली.

"घ्या, झाला खुलासा!" मंजुळा म्हणाली. "सायब, ती कोंबरी हाय. तिला कोंड्यात जरा सुकट घाला, कागद कसले वाचून दावताव?"

"वहिनी, शिस्तीचा प्रश्न आहे."

"शिस्त घाला चुलीत! ही तुमची शिस्तीची कोंबरी काल माजी माठाची भाजी खाऊन गेली, ती कुठं लिवलीय?"

"लिहिली आहे ना," नंदकुमार गंभीरपणे म्हणाले. "विनापरवाना कार्यक्षेत्र सोडले, म्हणून नोंद केलीय."

मंजुळाने माझ्याकडे बघितलं. मी बैलाच्या पाठीवरच्या गोचिड्या काढायला लागलो. नवराबायकोच्या भांडणात पडू नये तसं शेजाऱ्याच्या आणि बायकोच्या भांडणातही पडू नये, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

ही पंचावन्न सालची गोष्ट. आमच्या नाहूर गावाच्या टोकाला, खाडीकडे शेतं उतरतात तिथे माझा एक पडीक तुकडा होता. त्यावर एक जुनं दोन खोल्यांचं घर. तो मी या प्रधानांना भाड्याने दिला. माणूस मुलुंडचा, फोर्टात सरकारी कचेरीत कारकून. आठ वर्षं एकाच टेबलावर बसून आलेली पत्रं आवकला आणि गेलेली पत्रं जावकला लिहीत होता. मग कुठल्याशा पुस्तकात त्याने वाचलं की साठ विलायती कोंबड्यांवर दोन माणसांचं कुटुंब सुखाने राहतं. गडी उठला, चार महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि बायकोला घेऊन आमच्या गावात आला. पांढऱ्याफेक, लाल तुऱ्याच्या साठ कोंबड्या. बघायला सगळा गाव लोटला होता.

पुस्तक इंग्रजी होतं, त्यामुळे आमच्यापैकी कुणाला खोटं म्हणता येईना.

पण आठ वर्षांची सवय कुठे जाते? प्रत्येक कोंबडीच्या पायात नंबराची कडी आली. सकाळी दहाला मस्टर. अकरानंतर अंडं दिलं तर लेटमार्क. पिसं झडायला लागलेली कोंबडी मेडिकल रजेवर. मी एकदा म्हटलं, "सायब, एक कोंबरा ठेवा. कोंबऱ्याबिगर खुरारा म्हंजे पाटलाबिगर गाव." तर म्हणाले, "काशीरामदादा, कोंबडा अंडं देत नाही, दाणे मात्र दुप्पट खातो. असा माणूस आमच्या ऑफिसात एक होता, त्याला आम्ही साहेब म्हणायचो. इथे नको."

हसायचो आम्ही. पण खरं सांगतो, माणूस मला आवडायचा. त्याची बायको वसुधाही. एकदा विहिरीवर ती मंजुळाला म्हणाली, "तिकडे होते तेव्हा घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. इथे बोलतात तरी. कोंबड्यांशी बोलतात, पण बोलतात."

आषाढापर्यंत गाडा बरा चालला. भांडुपच्या रेल्वे चाळीत अंडी खपायची. गटारीच्या आठवड्यात तर टोपली खाली ठेवायला फुरसत नव्हती. नंदकुमार शीळ घालत घरी यायचे. आणि मग श्रावण लागला.

आता श्रावणात अंडं कोण खातं? हे त्या पुस्तकात नव्हतं, कारण पुस्तक विलायतेत छापलेलं. आणि नंदकुमार स्वतः श्रावण पाळायचे, तरी हिशेब मांडताना त्यांना एकदाही आठवलं नाही की गिऱ्हाईकही पाळणार. कोंबड्यांनी मात्र श्रावण पाळला नाही. उलट पावसाळी हवा मानवली म्हणा, की मेमोचा धाक म्हणा, त्या झपाटल्यासारख्या अंडी देत सुटल्या. मडकी भरली, हंडा भरला, कोठी भरली. वसुधाने लुगड्यांच्या ट्रंकेत घड्यांच्या मध्ये अंडी रचली. नंदकुमार रोज दहाला हजेरी घेत आणि प्रत्येक कोंबडीला हळूच म्हणत, "आज नाही दिलंस तरी चालेल हं."

त्यात सासऱ्याचं पत्र आलं. वसुधाचे वडील, अण्णा, घाटकोपरला राहायचे. तीस वर्षं त्याच कचेरीत हेडक्लार्क होते आणि जावयाला नोकरी त्यांनीच लावली होती. तीन महिन्यांपूर्वी ते रिटायर झाले होते. पत्रात चार ओळी होत्या. रजा रविवारी संपते. रविवारी मी येऊन बघेन. कोंबड्यांवर दोन माणसं जगत असतील तर खुशाल राजीनामा द्या. नसतील तर सोमवारी दहा वाजता टेबलावर हजर व्हा.

पत्र वाचून नंदकुमार माझ्या ओटीवर येऊन बसले. चेहरा उतरलेला. "दादा, त्या टेबलावर मला परत जायचं नाही. अण्णांना एक गिऱ्हाईक तरी दिसायला पाहिजे हो."

माझी आई सोनूबाई कोपऱ्यात पान कुटत होती. "एक कशाला? सगला गाव घेतंय आंडी, असा दिसंल."

"आये, सरावन हाय," मी म्हटलं.

"मना नको शिकवू सरावन! खावाचा नाय, हात लावला तर काय होतंय?"

"आनि म्हातारा इचारील ना, सरावनात आंडी कशाला नेताव?"

आईने खलबत्ता थांबवला. "बसवाया! खुरूक कोंबरीच्या खाली बसवाया नेताव म्हनून सांगाचा. पिल्लं काराया सरावन लागत नाय."

नंदकुमारांनी तिथल्या तिथे म्हातारीच्या पाया पडून घेतलं. मलाही वाटलं, आईचं डोकं या वयातही काय चालतं!

रविवारी अण्णा आले. काळा कोट, धोतर, छत्री, नाकात तपकीर. आंब्याखाली खुर्ची टाकून बसवलं. आणि समोर लागली रांग. माझी आई पहिली, तिच्यामागे शेवंती, रुक्मिणी, सुगंधा, सगळ्या टोपल्या घेऊन. वसुधा पुढच्या दाराने अंडी मोजून देत होती आणि बाया घराला वळसा घालून मागच्या दाराने तीच अंडी परत आणून ठेवत होत्या. मी मागच्या दाराला. मला एवढीच ताकीद होती की फोडू नको. मी तीन फोडली.

अण्णांनी मंजुळाकडे छत्री रोखली. "या बाई मघाशी येऊन गेल्या."

"माज्या घरी खुरूक कोंबऱ्या तीन हायत," मंजुळा पदर पुढे ओढून म्हणाली. "एकीला दिली नि दुसरीला नाय, तर भांडतात."

"अच्छा, उबवायला नेता होय!" अण्णांनी तपकीर ओढली. खुराड्याभोवती एक फेरी मारली, वाकून आत बघितलं. पुन्हा खुर्चीत बसले. "उबवायची अंडी आहेत. मग जावईबापू, कोंबडा कुठे आहे?"

रांग जागच्या जागी थिजली. आईचं तोंड उघडं पडलं. आमच्या गावात कोंबडे कुणाच्याही अंगणात मोकाट हिंडायचे, त्यामुळे अंड्यातून पिल्लू निघतंच, हे आम्ही धरूनच चाललो होतो. कोंबडा लागतो, हे साऱ्या गावाला माहीत असून बेत करताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नंदकुमार ताठ उभे राहिले. "रजेवर आहे."

"कॅज्युअल?"

"मेडिकल."

"सर्टिफिकेट?"

"पोस्टाने येतंय."

"मस्टर आणा," अण्णा म्हणाले.

मस्टर आलं. अण्णांनी कोटाच्या खिशातून दुसरा चष्मा काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. टोपल्या घेऊन बाया उभ्याच. एका जागी उभं राहायचं की हिंडायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"नंबर एक ते साठ, सगळ्या कोंबड्या," अण्णांनी मान वर केली. "यात कोंबड्याचं नावच नाही. ज्याची नेमणूक नाही तो रजेवर जातो कसा?"

नंदकुमार मटकन पायरीवर बसले.

"नाही कोंबडा, अण्णा. खोटं बोललो. श्रावणात एक अंडं खपलेलं नाही. ही सगळी माझ्यासाठी सकाळपासून घराभोवती फिरतायत. पण मला परत त्या टेबलावर नका हो पाठवू."

मला स्वतःची लाज वाटली. माणूस इतकं धरून बसलाय आणि आम्हाला चार महिने नुसती गंमत वाटत होती.

वसुधा पुढे झाली. "अण्णा, मी उपाशी नाही राहिले इथे. आणखी चार महिने द्या."

अण्णांचं लक्ष नव्हतं. ते पानं उलटत होते. "हे काय? एकोणिसाव्या नंबरचे तीन लेटमार्क झाले. एक दिवसाची रजा कापली का नाही?"

"तिची तब्येत बरी नव्हती," नंदकुमार डोळे पुसत म्हणाले.

"ही सबब झाली! लाल शाई आहे का घरात?"

वसुधाने लाल शाई दिली. अण्णांनी कोट काढून फांदीला अडकवला. दुपारी जेवायला हाक मारली तर म्हणाले, ताट इथेच आणा. चार वाजता त्यांनी खुराड्यात शिरून एकेक कडी तपासली आणि दोन कोंबड्यांचे नंबर अदलाबदल झाल्याचं शोधून काढलं. बाहेर आले तेव्हा डोक्यावर पिसं, धोतराला कोंडा आणि चेहरा असा फुललेला, की वसुधा माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "रिटायर झाल्यापासून अण्णा हसले नव्हते गं."

संध्याकाळी त्यांनी मस्टर मिटलं आणि सगळ्यांना समोर बोलावलं. आम्हीही गेलो. न जाऊन करतो काय?

"या साठ बाईमाणसांवर दोन माणसं जगत नाहीत," अण्णा म्हणाले. "जगणारही नाहीत. श्रावण झाला की गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. हे खातंच तोट्यातलं आहे."

नंदकुमारांनी मान खाली घातली.

"पण खातं तोट्यात आहे म्हणून बंद करतात, असं मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. याला वरून मंजुरी लागते आणि वर कडक माणूस लागतो. तुम्ही मायाळू. तुमच्याने होणार नाही. उद्यापासून इथे मी बसेन. तुम्ही ऑफिसात जा. दाण्याचं पोतं तुमच्या पगारातून येईल."

"अहो पण अण्णा, कोंबड्या माझ्या!"

"म्हणूनच दाणे तुम्ही आणायचे."

एवढं बोलून अण्णा झोपायची जागा बघायला आत गेले. त्यांनी नंदकुमारांचीच खाट पसंत केली.

सोमवारी सकाळी मी बांध घालत होतो. नंदकुमार इस्त्रीची पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून, वहाणा हातात घेऊन चिखलातून भांडुपच्या वाटेने निघाले होते. बगलेत वसुधाने दिलेला डबा. मागे आंब्याखालून अण्णांचा खणखणीत आवाज येत होता. मी पाच मिनिटं त्यांच्याबरोबर चाललो. मला फार वाईट वाटत होतं, आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही लपवायला मी सारखा खोकत होतो.

बांधाच्या टोकाला ते थांबले. मागे वळून त्यांनी खुराड्याकडे बघितलं.

"दादा, तुम्ही शेतकरी माणूस. खरं सांगा. कोंबड्या पाळून माणूस सुखाने जगतो की नाही?"

मी अण्णांकडे बघितलं. ते बाह्या सरसावून दाणे टाकत होते, साठ कोंबड्या त्यांच्या पायांत घोटाळत होत्या आणि वसुधा त्यांना चहा नेऊन देत होती.

"जगतो ना, सायब," मी म्हटलं. "झकास जगतो. फकस्त त्याच्या जावयाला नोकरी पायजे."