वरच्या मजल्यावरची काठी

कर्वेनगरातल्या त्या इमारतीत सुदर्शन तायडे राहायला येऊन दोन वर्षं होत आली होती, आणि एवढ्या काळात त्याच्याशी नेमाने बोलणारी कोण, तर एक काठी. तीही वरच्या मजल्यावरची. रविवारी दुपारी तो इलेक्ट्रिक गिटार काढायचा, छोट्याशा अँप्लिफायरला जोडायचा, आणि वाजवता वाजवता काही ठरावीक जागी आला की डोक्यावरच्या फरशीवर आवाज व्हायचा. ठक.

माणूस मूळचा मूर्तिजापूरचा. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. मुलगा कॉम्प्युटर शिकला आणि पुण्यात आयटीचं पेव फुटलं त्या काळात इकडे आला. काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या नाकासमोर धरायच्या. असल्या माणसाभोवती गोतावळा जमतो असं कुणी ऐकलं आहे का? होते ते कोथरूडच्या फ्लॅटमधले तीन मित्र. ते एकेक करून ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या परदेशातल्या कामावर, गेले आणि तिकडचेच झाले. त्यातल्याच एकाने जाताना ही गिटार याच्या गळ्यात मारली. "सांभाळ रे," म्हणाला, आणि पुढे गिटारची सोडा, याचीही चौकशी केली नाही.

मग एकट्यापुरती जागा शोधणं आलं. दोन घरमालकांनी फार अगत्याने बसवलं, चहा पाजला, आडनाव विचारलं आणि म्हणाले, कळवतो. ते अजून कळवताहेत. तिसऱ्याने काही न विचारता किल्ली दिली, आणि सुदर्शन या इमारतीत आला तो पाय न वाजवता चालायची सवय घेऊनच.

म्हणून पहिल्यांदा वरून ठक ऐकू आली तेव्हा त्याने तिचा अर्थ लावून टाकला. वर विमलाबाई राहायच्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. सकाळ-संध्याकाळ कांताबाई येऊन त्यांचं सगळं करून जायच्या. आपण इथे नकोसे आहोत, हे सांगायला बाईंना काठी पुरते, असं त्याला वाटलं. त्याने आवाज कमी केला. काठी थांबली नाही. आणखी कमी केला, तरी थांबली नाही. शेवटी तो मूग गिळून बसला, पण वाजवणं काही सोडवेना, कारण रविवारची दुपार दुसऱ्या कशाने संपायची नाही.

एकदा दोघं जिन्यात समोरासमोर आले. बाई कांताबाईंचा हात धरून पायरी पायरी उतरत होत्या. सुदर्शन भिंतीला चिकटला आणि माफी मागायला लागला, की आवाजाचा त्रास होत असेल, मी बंद करतो. बाईंनी काठी टेकवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अहो, वाजवा की. वाजवण्याला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त आपण जे वाजवतो, ते एकदा ऐकावं. तो सूर चढा लागतोय. मला वाटलं, एवढ्यात तुमच्याही कानावर आलं असेल."

आणि गेल्या खाली. पुणेरी अपमान म्हणतात तो हाच, पण सुदर्शनला तो अपमान वाटला नाही. जिन्यातच उभं राहून त्याला हसू आलं. गेली कित्येक वर्षं या शहरात कुणी त्याला नुसत्या त्याच्या कामावरून बोल लावला नव्हता. बाईंचं भांडण त्याच्याशी नव्हतं, त्याच्या नावाशी नव्हतं, एका सुराशी होतं. एवढ्यानेच त्याला हलकं वाटलं.

त्या रविवारी त्याने वाजवणं बाजूला ठेवून तपासणीच मांडली. मोकळ्या तारा छेडल्या: वर शांतता. गिटारच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. मानेच्या मध्यावरच्या फ्रेटपाशी वाजवलं, तरी शांतता. मग मानेच्या अगदी टोकाला, पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा एका बोटाने दाबून एफ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, वाजवला. ठक. पुन्हा एफ. ठक. त्याने सूर मोजायचा ट्यूनर काढला. मोकळी तार काट्याला अगदी मधोमध उभं करायची, आणि तीच तार टोकापाशी दाबली की काटा उजवीकडे झुकायचा. ट्यूनर आणि काठी यांचं तंतोतंत एकमत होतं. एकदा कळल्यावर मग त्यालाही ते ऐकू यायला लागलं आणि प्रत्येक एफला दातात खडा आल्यासारखं व्हायला लागलं.

दोष बोटांचा नव्हता. मानेच्या टोकाला तारा एका लहानशा पट्टीवरून उतरतात, तिला वाजवणारे लोक नट म्हणतात. त्या पट्टीच्या जवळ तार दाबली की ती जरा जास्तच ताणली जाते आणि सूर चढतो. बारीक तार वेगळी चढते, जाड तार वेगळी. याच्यावर उपाय म्हणून एक सुधारलेली पट्टी मिळते, जिची कड सरळ नसते. ज्या तारेला जितकी गरज तितकी ती त्या तारेखाली पुढे सरकलेली असते. पुण्यात ती कुणाकडे नव्हती. पण आयटीवाल्यांची अशा वेळची रीत ठरलेली आहे: परदेशातून कोण कधी परत येतंय ते बघायचं आणि त्याच्या बॅगेत आपली वस्तू टाकायची. लोक चॉकलेटं मागवतात, सेंट मागवतात. सुदर्शनने टीममधल्या रूपालीकडून बोटाएवढी पांढरी पट्टी मागवली. तिने ती त्याच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सर, ही कुणाची कवळी आहे का?"

पट्टी बसवायला त्याने रविवारच निवडला. तारा सैल केल्या, लाकडाचा ठोकळा लावून जुना नट हलक्या हाताने ठोकून काढला, खाच साफ केली, नवा नट डिंकाच्या थेंबांवर बसवला. टोकाचं माप बदललं की दुसऱ्या टोकाचंही पुन्हा जुळवावं लागतं, म्हणून तारा जिथे अडकवतात तिथले स्क्रू फिरवत बसला. ट्यूनरने सगळं लावून झाल्यावर त्याने ट्यूनर बाजूला ठेवला. शेवटचा हात कानाने फिरवायचा होता, कारण परीक्षा घेणार होता तो कानच. आज काठी वाजली नाही, तर पुढच्या रविवारी वर जायचं, बेल दाबायची आणि म्हणायचं, बाई, आता ऐका, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. वर जायला त्याला दुसरं निमित्त नव्हतं.

हवेसाठी दार उघडं ठेवलं होतं. नेमकी त्याच वेळी जिन्यात गडबड सुरू झाली. काहीतरी जड उतरवत होते. कुणीतरी सारखं सावकाश, कोपरा सांभाळा, असं ओरडत होतं. कुणाचं तरी कपाट हलतंय, आणि यांना आजचाच मुहूर्त सापडला, असं पुटपुटत सुदर्शन उठला आणि दार लावून घेतलं. खोली शांत झाली. त्याने तार जुळवली आणि एफ वाजवला.

वरून काही आलं नाही.

त्याने पुन्हा वाजवला, मग त्याच्या शेजारचे सगळे कॉर्ड वाजवले, एरवी ज्या-ज्या जागी मार बसायचा त्या सगळ्या जागांवरून फिरून आला. शांतता. तो एकटाच खोलीभर फिरला, स्वतःसाठी दुधाचा चहा केला, वर छताकडे बघून कप उंचावला. इतका आनंद त्याला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

पुढच्या रविवारी वर जायचं होतं, पण गेला नाही. आयत्या वेळी लाज वाटली. लोकांच्या दारासमोर उभं राहायचं म्हटलं की त्याचा पाय मागे यायचा. शिवाय शांतता होतीच, आणि शांतता म्हणजेच पास, अशी त्याने समजूत घातली. त्याच्या पुढच्या रविवारीही शांतता होती. कंपनीची बस सकाळी मागच्या गेटपाशी यायची आणि अंधार पडल्यावर तिथेच सोडायची, त्यामुळे इमारतीत काय चाललंय ते त्याला कळायचं नाहीच. पण आता सूर बरोबर लागत असूनही वाजवायला बसलं की त्याला करमेना. तो वाजवायचा, थांबायचा, वर कान लावायचा. ठक होती तोवर कुणीतरी ऐकत होतं. ती गेली आणि खोली एकदम मोठी झाली.

शेवटी त्याच्यातला टेस्टर जागा झाला. चूक दिसेनाशी झाली म्हणजे दुरुस्ती लागू पडली असं होत नाही, हे तो ऑफिसात पोराटोरांना शिकवायचा. त्याने मुद्दाम एक तार चढवली आणि एफ वाजवला. इतका वाईट, की त्याच्याच अंगावर काटा आला. काठी आली नाही. त्याने आणखी जोरात वाजवला. तरी आली नाही. तेव्हा मात्र तो उठला आणि दाराशीसुद्धा न अडखळता वर गेला.

दार उघडंच होतं. आत कांताबाई जुन्या साडीत भांडी बांधत होत्या. भिंतीवर तंबोऱ्याच्या आकाराची खूण आणि वर रिकामी खुंटी राहिली होती.

"बाई?" त्याने विचारलं.

"बाई गेल्या की, साहेब. महिना होत आला. भाचा आलाय, घर रिकामं करून द्यायचंय." कांताबाईंनी गाठ मारली. रविवारी दुपारी बाई खुर्चीतच कलल्या, दवाखान्यात नेलं, तिथून घरी आल्याच नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग हाताने फरशी दाखवली. "ही खुर्ची इथं ओढायला लावायच्या, दर रविवारी. तुमचं वाजवणं सुरू व्हायच्या आधी. म्हणायच्या, बसते, बघू आज तरी सुधारतोय का."

सुदर्शनने कुठला रविवार ते विचारलं नाही. पण कांताबाई बोलत्या झाल्या होत्या.

"खुर्चीसकट उतरवायला लागलं. एका बाजूला माणूस कमी पडत होता. तुमचं दार उघडं दिसलं, म्हटलं तुम्हाला हाक मारावी. तेवढ्यात तुम्ही लावून घेतलंत."

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा स्वरही नव्हता. त्या पुढचं बोचकं बांधायला वळल्या. सुदर्शनला काहीतरी बोलायचं होतं. मी त्यांच्यासाठीच लावत होतो, असं काहीसं. त्याने नुसतं बोचकं एका बाजूने धरलं आणि ते खाली गेटपर्यंत पोचवून आला. जिन्यात कोपरा सांभाळला.

खोलीत येऊन त्याने चढवलेली तार उतरवली, कानाने जागेवर आणली. एफ वाजवला. तो बरोबर होता, असं त्याला वाटलं. सांगणारं कुणी नव्हतं. काठी पडायला जेवढा वेळ लागायचा तेवढा तो थांबला, आणि पुन्हा वाजवला. दार त्याने सताड उघडं ठेवलं होतं.