नऊ नंबरची जर्सी

पोरगं देशासाठी खेळलं की ते आईचं राहत नाही, गावाचं होतं. इद्वलच्या आईला, मॉर्फिडला, हे कधीच पटलं नव्हतं. इद्वल वेल्सकडून रग्बी खेळला तेव्हा दरीतल्या अख्ख्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं. डोक्यावर मार मात्र त्याने एकट्याने खाल्ला. आता साठीही उलटली नव्हती, आणि चहा प्यालो की नाही हेही त्याला आठवेना.

मॉर्फिडने ते झाकून ठेवलं. चॅपेलमध्ये प्रार्थनेला कुणी हाक मारली आणि तो नुसता बघत राहिला, की ही मध्ये पडायची. "कान गेलेत त्याचे. तुझी जीभ तेवढी शाबूत आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग गावच्या रग्बी क्लबचा अध्यक्ष टॉविन दारात आला. पलीकडच्या दरीतल्या क्लबशी सामना होता, आणि सामन्याआधी जुन्या खेळाडूने पोरांच्या हाती जर्सी द्यायची ही इथली रीत. मॉर्फिडने हो म्हणून टाकलं.

"मॅम, नको," तो गेल्यावर सून नेरिस म्हणाली. इद्वल आईला मॅम म्हणायचा, म्हणून तीही. "त्यांना जमायचं नाही."

"नाही गेला तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! कळलं तर मदत तरी होईल."

"मदत नाही गं बाई, कीव होते. माझ्या लेकाची कीव केलेली मला खपायची नाही. जर्स्या उचलून द्यायच्यात, प्रवचन नाही करायचं."

शनिवारी तिने स्वतः त्याच्या टायची गाठ मारली. क्लबचा हॉल भरला होता. इद्वलने पहिली जर्सी दिली, हात मिळवला. "जा, आडवं कर त्यांना," म्हणाला. लोक खूश. दुसरी, तिसरी, आठवीपर्यंत सगळं बिनबोभाट. मॉर्फिडने नेरिसकडे अशी नजर टाकली की ती बिचारी खालीच बघत राहिली.

नऊ नंबर इद्वलचा स्वतःचा. ती जर्सी त्याने उचलली आणि दिलीच नाही. आता नऊ नंबरवर खेळणारा पोरगा, ओसियान, हात पुढे करून उभा. इद्वलने कोट काढला, टाय ओढून टाकला.

"अरे म्हाताऱ्या, तू आज बाकावर!" टॉविन हसला.

"बाकावर तू बस. माझे बूट कुठायत?"

हॉल हसला. भलतीच थट्टा करतोय, असं वाटलं सगळ्यांना. तोवर त्याने सदराही उतरवला. सैल पडलेलं पांढरं पोट सगळ्या गावाने पाहिलं. जर्सी डोक्यावरून गेली आणि खांद्यांवर अडकली. हात वर, तोंड कापडात.

"मॅम!" आतून आवाज आला. "मॅम, बूट आण ना!"

हसणं थांबलं.

मॉर्फिड उठली. जर्सी खाली ओढून तिने त्याचं पोट झाकलं. "ओसियान, तू दुसरी घे," एवढंच म्हणाली.

खाटीक ग्विलिमशी तिचं आयुष्यभर वाजलेलं. तो सगळ्यांत आधी पुढे आला. इद्वलसमोर वाकून, त्याच्या पाठीवर हात ठेवून, तान्ह्या पोराशी बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द ताणत म्हणाला, "कसा आहेस, इद्वल? चहा हवा? गोऽड?"

इद्वलने खुशीत मान हलवली.

मॉर्फिड ग्विलिमला सुनवायला पुढे झाली. ग्विलिमने तिच्याही पाठीवर हात ठेवला, आणि तिने तो झटकला नाही.