मीठ बघणारी

दोनशे कामगारांना जेवू घालणाऱ्या आचाऱ्याच्या घरात त्याची सहा वर्षांची नात फक्त उकडलेला बटाटा खायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आजोबा तिला रागाने ‘बटाटी’च म्हणत.

"लाडावून ठेवलीय," ते सुनेला सुनवायचे.

"डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती नको. नव्या भाजीची हळूहळू ओळख करून द्या."

"ओळख? भोपळा काय पाहुणा आहे?"

मग त्यांनी शहाणपणा केला. कुस्करलेल्या बटाट्यात चमचाभर भोपळा बेमालूम कालवला. पोरीने पहिलाच घास थुंकला आणि त्या दिवसापासून बटाटाही बंद केला. दोन दिवस नुसतं दूध. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं!

"बाबा, यापुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही," सून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि त्यांनी पाऊल टाकलंच. भोपळा चिरला, परतला, चाखला. काही कळलं नाही. मागच्या महिन्यातल्या तापाने त्यांच्या जिभेची चवच नेली होती. कॅन्टीनमध्ये ते अंदाजाने मीठ टाकत आणि कुणाला पत्ता लागू देत नसत. दारात नात उभी होती. एवढी तिखट जीभ या टिचभर पोरीला मिळावी, याचा त्यांना मनापासून राग आला.

"मीठ बघ," ते गुरगुरले.

"तुम्ही फसवता."

"हा भोपळा आहे. गिळू नकोस, थुंक. मला मीठ कळत नाही."

तिने चमचा चाटला, बेसिनमध्ये थुंकली. "मीठच नाही. घाण!"

त्यांनी चिमूट टाकली. ती पुन्हा थुंकली. "कमी."

तिसऱ्यांदा म्हणाली, "खारट! आचारी ना तुम्ही?"

दात-ओठ खात त्यांनी आणखी फोडी टाकल्या. त्या शिजेपर्यंत सून दारात हजर.

"कुणाला विचारून आत आलात?"

"आई, आजोबांना मीठ कळत नाही," पोरीने चुगली केली.

सून चपापली. "कॅन्टीनमध्ये माहीत आहे?"

आजोबांनी मान खाली घातली.

"उद्या तुम्ही सांगताय की मी सांगू?"

दोघी वैरिणी आहेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी चमचा आपटला. नातीने तो उचलला.

"भांडण नंतर करा," ती म्हणाली. "अजून बघून झालं नाही."

तिने एक अख्खी फोड तोंडात टाकली, कपाळाला आठ्या घालून चावली आणि बेसिनकडे न वळता गिळली.

"आता चिमूटभर टाका."