त्या रात्री मला झोप लागली

मला बायकोला एक प्रश्न विचारायचा आहे. तीन महिने झाले, विचारलेला नाही. आधी तिला उत्तर देता येत नव्हतं म्हणून. आता येतं म्हणून.

प्रश्न एवढाच : त्या रात्री तू मला उठवलं का नाहीस?

तिथवर पोचायला मला काही कागद चाळावे लागतील. नीट लावलेले नाहीत. हाताला लागतील तसे घेतो.

*अंथरुणावर किती वाजता गेलात?*

साडेबारा. रोज साडेबारा. हा प्रश्न झोपेच्या दवाखान्यातल्या तक्त्यावरचा. आडवा कागद, सात दिवसांचे सात रकाने, खाली ‘शेरा’ म्हणून दोन ओळींची जागा. मी शेऱ्याच्या जागेत इतकं लिहायचो की ते समासात चढायचं.

*झोपेचा त्रास कधीपासून आहे?*

अकरा वर्षं. मी चष्म्याच्या काचा घासतो. दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन आहे, चाकावर पाणी ठिबकत असतं, काच फ्रेमच्या मापाला उतरवायची आणि बसवायची. अकरा वर्षं मी हे दोन-अडीच तासांच्या झोपेवर केलं. मग एके दिवशी एका बाईंची डाव्या डोळ्याची काच उजव्या बाजूला घासून बसवली, उजवीची डावीकडे. त्या चष्मा लावून दुकानाच्या पायऱ्या उतरल्या आणि तिसरी पायरी त्यांना दिसली तिथे नव्हती. गुडघा फुटला.

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“एक तर झोप,” म्हणाले, “नाहीतर घरी बस.”

“घरी बसून झोप येते का?”

“मला काय विचारतोस? मी पडल्या पडल्या घोरतो.”

म्हणून दवाखाना.

*शेजारी कोणी झोपतं का? असल्यास त्यांची झोप कशी आहे?*

बायको. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. बसायची. दिवसभर ‘कितीची आहे, कुठे लागते, गेली का’. घरी आली की चप्पल काढता काढता म्हणायची, “चौकशी बंद. ज्याला जे हवंय त्यानं फलकावर वाचावं.”

रात्री मात्र तिची खिडकी माझ्यासाठी उघडी असे. मी अंधारात विचारायचो, “किती वाजले?” ती डोळे न उघडता सांगायची, “दोन वीस.” मी उठून बघायचो तर दोन बावीस. हे तिला कसं जमायचं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही की तुला कळतं म्हणजे तू जागी असतेस का.

एकदा वैतागून म्हणाली, “अहो, लोकांची गाडी उशिरा का होईना, येते. तुमची झोप मेली डेपोतून निघतच नाही.”

मी हसलो होतो. ती पण. पहाटेचे साडेतीन वाजले होते. म्हणजे तिनेच सांगितलं तसं.

*घ्यायची काळजी* (छापील, तक्त्याच्या मागच्या बाजूला)

दुपारनंतर चहा नाही. दिवसा डुलकी नाही. साडेबाराच्या आत अंथरुणात जायचं नाही, कितीही पेंग आली तरी. सकाळी सहाला उठायचं, कितीही वाईट रात्र गेली तरी. झोप लागली नाही तर पडून राहायचं नाही, दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. आणि झोपायच्या खोलीत घड्याळ ठेवायचं नाही. घड्याळ बघितलं की माणूस हिशेब करायला लागतो, आता उरले चार तास, आता उरले तीन, आणि हिशेबानेच जागा राहतो.

झोपेच्या दवाखान्यातल्या बाई (माझी बायको त्यांना ‘झोपवाल्या बाई’ म्हणायची) तिच्याकडे वळून म्हणाल्या, “आणि यांना वेळ सांगायची नाही. विचारली तरी नाही.”

“माझी नोकरीच ती आहे,” बायको म्हणाली.

“घरी रजा टाका.”

आम्ही घड्याळ स्वयंपाकघरात नेलं. गजराचंही. सहाचा गजर तिथून ऐकू येईल एवढा मोठा होता. मोबाइल पण तिकडेच.

शेरा, पहिला आठवडा : झोप नाही. डोळ्यांत वाळू. सौ. म्हणते धीर धरा.

शेरा, तिसरा आठवडा : साडेतीन तास! सौ. माझ्याबरोबर साडेबारापर्यंत बसते. मी म्हटलं, तू झोप ना, तुझी ड्यूटी सातची. म्हणते, “आणि तुम्ही खुर्चीत डुलकी काढा. ओळखत नाही का मी तुम्हाला?” पत्ते खेळतो. ती पत्ते चोरते.

शेरा, पाचवा आठवडा : चार तास. कामावर काच फुटली नाही. मालकांनी चहा विचारला. नाही म्हणालो. त्यांना राग आला.

शेरा, सहावा आठवडा : सौ.चं डोकं दुखतंय म्हणते. मला सलग चार तास दहा मिनिटं.

हे शेवटचं वाचून बघा. एका ओळीत आहेत दोन्ही. तिला रक्तदाबाची गोळी होती, सकाळची. त्या दिवसांत घेत होती का, विसरत होती का, मला सांगता येणार नाही. सहा आठवड्यांत मी माझ्या झोपेचे बेचाळीस रकाने भरले. तिच्या झोपेला रकाना नव्हता.

*काल रात्री मध्ये किती वेळा जाग आली?*

शून्य.

*एकूण झोप (अंदाजे) :* साडेपाच तास.

*जाग कशाने आली?*

गजराने. सहाचा. वाजत राहिला. नेहमी ती दुसऱ्या ठोक्याला जाऊन बंद करते. मी उशीत तोंड खुपसून ओरडलो, “बंद कर ना ते!”

तिला ऐकू गेलेलं माझं त्या दिवशीचं पहिलं वाक्य हे.

तरी वाजत होता. उठलो, ओढून घेतलेलं दार उघडलं. अंग इतकं हलकं होतं की मला ते ओळखीचं वाटेना. अकरा वर्षांत असा उठलो नव्हतो. खरं सांगायचं तर स्वयंपाकघरापर्यंतची ती दहा-बारा पावलं मी खुशीत होतो. तिला सांगायला चाललो होतो.

ती टेबलाशी खुर्चीत बसली होती. गजराचं घड्याळ तिच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, वाजतंय. ती त्याच्याकडे बघत होती. उजवा हात मांडीवर असा पडला होता की जणू कुणीतरी आणून ठेवलाय. तोंड एका बाजूला ओघळलेलं. शाल अंगावर होती. पाय बर्फासारखे गार. खाली पेला लवंडलेला, आणि सांडलेलं पाणी कडेकडेनं वाळून गेलेलं.

मी काचेचा माणूस आहे. पाणी वाळायला किती वेळ लागतो हे मला कळतं.

“शेवटचं ठीक कधी बघितलंत त्यांना?”

हा प्रश्न तक्त्यावरचा नाही. तो रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं विचारला, चालता चालता, तिची गाडी ढकलत.

“साडेबाराला. झोपताना.”

“त्यानंतर? मध्ये उठल्या का? बोलल्या का? कसंही आठवा. ठरावीक तासांच्या आत असेल तर एक इंजेक्शन देता येतं. रक्ताची गाठ विरघळते. उशीर झाला असेल तर नाही देता येत, उलट धोका असतो.”

“मी झोपलो होतो.”

“मध्ये एकदाही नाही जागे झालात?”

“नाही.”

त्यानं घड्याळ बघितलं. सात वाजून पाच. मनात वजाबाकी केली, आणि मग माझ्याकडे बघितलं नाही.

त्याआधीची कुठलीही रात्र त्यानं विचारायला हवी होती. अकरा वर्षांतली कुठलीही. मी मिनिटागणिक सांगितलं असतं, ती कधी कुशीवर वळली, कधी खोकली, कधी पाणी प्यायली. नेमका त्या एका रात्री मी ड्यूटीवर नव्हतो.

इंजेक्शन दिलं नाही.

बाहेर बाकावर बसलो. खिशात पेन होतं, घडी केलेला तक्ता होता. हातांना काहीतरी हवं होतं. मी रकाना भरला. शून्य. साडेपाच तास. *सकाळी उठल्यावर कसं वाटलं?* याला १ ते ५ पैकी आकड्याला गोल करायचा होता. मी पाचला केला. खरं तेच होतं.

पंधरा दिवसांनी झोपवाल्या बाईंचा फोन आला, तक्ते घेऊन या. गेलो. का गेलो कोण जाणे. त्यांनी पान उलटलं, बोट फिरवत शेवटच्या रकान्याशी आल्या.

“अरे वा! साडेपाच! आणि एकदाही जाग नाही! बघा, म्हटलं नव्हतं? पुढचे रकाने रिकामे का पण?”

“राहिलं.”

“असं नाही करायचं. इतकं छान चाललंय. घरच्यांना पण सांगा माझ्याकडून, त्यांचा मोठा हात आहे.”

“सांगतो,” म्हणालो.

बायकोला सगळं कळत होतं, पण तोंडातून एकच शब्द यायचा. ‘बरोबर’. पाणी हवंय, बरोबर. पाय दुखतोय, बरोबर. आमची मुलगी आली, तर तिच्या गळ्यात डावा हात टाकून ही रडली, “बरोबर, बरोबर, बरोबर.”

मुलगी म्हणाली, “जन्मभर बाबांना बरोबर म्हणाली नाहीस, आता बघ.” तिघंही हसलो. मग मुलगी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

संध्याकाळी तिनं मला विचारलं, “बाबा, आईला रात्रीच कळलं असेल का हो?”

“काय माहीत.”

“नसेलच कळलं. झोपेतच झालं असणार. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका.”

मी तिला शालीबद्दल आणि पाण्याबद्दल सांगितलं नाही. झोपेत झालं तर माणूस शाल पांघरून, दार आवाज न करता ओढून घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसत नाही. बायकोला कळलं होतं. आणि शेजारी मी होतो, घोरत. माझी झोप मोडू नये म्हणून ती निघून गेली. हे मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. फक्त तिच्या तोंडून ‘नाही हो, मला कळलंच नाही’ असं यावं, अशी आशा होती. खोटं बोलली असती तरी घेतलं असतं.

आता ही वही. शंभर पानी, बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी दिलेली. त्यांचं म्हणणं, रोज तिला खरं घडलेलं काहीतरी विचारायचं. आधी काय झालं, मग काय झालं. ती बोलेल ते शब्दन् शब्द लिहायचं. तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. “काका, थांबायचं. कितीही वेळ लागला तरी. तुम्ही शब्द पुरवलात की त्या प्रयत्न सोडतात.”

वहीतून :

“भाजी. मीठ नाही.” (चार शब्दसुद्धा नाहीत, पण खरं आहे.)

“मुलगी आली. बस उशिरा.”

“तुम्ही दाढी वाईट केली.”

हे पाच दिवसांपूर्वीचं. ताईंनी पुढे चांदणी काढली आहे.

आज दुपारी चारला, उजेड चांगला होता, ती खिडकीशी बसली होती. मी वही उघडली.

“आज काय विचारू?”

तिनं डावा हात हलवला. काहीही.

“त्या रात्रीचं विचारू?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “विचारा.”

“आधी काय झालं?”

“हात.” थांबली. “हात... मुंग्या.”

“मग?”

“मग... मेला हात. घाबरले.”

‘मग तू का नाही उठवलंस’ हे माझ्या जिभेवर होतं. मी जीभ दाताखाली धरली. थांबायचं असं ठरलेलं. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, पंपाचा आवाज येत होता. तिचे ओठ हलत होते, शब्द शोधत.

“हलवलं,” ती म्हणाली.

“काय हलवलं? हात?”

तिनं मान हलवली. नाही. डावं बोट उचलून माझ्या छातीकडे केलं.

“तुम्हाला.”

मी लिहिलं नाही.

“दोनदा,” ती म्हणाली. “तुम्ही... बोललात.”

“मी? मी काय बोललो?”

“म्हणालात...” डोळे मिटून घेतले तिनं, जसं पूर्वी वेळ सांगताना मिटायची. “आत्ता. लागलीय. नको.”

मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही. मी रकान्यात शून्य लिहिलं होतं.

“आणि मग?” मी विचारलं.

“थांबा.” तिनं हात वर केला, खिडकीत रांगेतल्या माणसाला करायची तसा. “सगळं... एकदम.”

ताईंनी तिला तेही शिकवलंय, तुकडे झाले की शेवटी जोडून एकदा सांगायचं. तिनं श्वास घेतला. कपाळावर आठ्या आल्या. एकेका शब्दाशी तोंड घासत, डाव्या हाताची बोटं एकेक दुमडत, ती म्हणाली,

“मी तुम्हाला हलवलं, तुम्ही म्हणालात, आत्ता लागलीय, नको, म्हणून मी एकटीच उठले.”

बोटं संपली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्याची चांगली बाजू उजळली होती. घामही आला होता. तीन महिन्यांत एवढं ती एका दमात कधी बोलली नव्हती.

“किती?” तिनं विचारलं.

मी मोजले. “बारा शब्द.”

“चुकलं?”

“नाही. कुठेच नाही.”

“लिहा मग.”

मी लिहू लागलो. ती वाकून बघत होती, मी एखादा शब्द गाळतो की काय म्हणून. ‘नको’पाशी माझं पेन थांबलं. तिनं वहीवर बोट टेकवलं, पुढे. मी ‘म्हणून मी एकटीच उठले’ लिहिलं आणि पूर्णविराम दिला.

“ताईंना,” ती म्हणाली. “उद्या. दाखवायचं.”

“दाखवू,” मी म्हणालो.