सातवा फर्मा

"ती परतली नाही तर अकरा दिवस दार उघडं ठेवा. पाणी रोज बदला. तिच्या जागेवर दुसरीला बसू देऊ नका. बाराव्या दिवशी दार लोटून घ्या, पण कडी घालू नका." पान सत्त्याण्णव.

*

खळ अशी करायची: मैदा, पाणी, चिमूटभर तुरटी. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकले की झुरळं पुस्तकाकडे फिरकत नाहीत. गार होऊ द्यायची. गरम खळीने पान सुरकुततं.

*

मन्सूऱ्याहून आलेलं पत्र: "उस्ताझा तहानी, मी दातांची डॉक्टर आहे, वय सदतीस. तुमचं पान सत्त्याण्णव मी दवाखान्याच्या भिंतीवर लावलंय. पेशंट आ करून वाचतात. काल मी माझ्या दाराची कडी काढली."

*

इम्बाब्याहून आलेला फोन: "मितवल्ली, तू म्हातारा झालास की वेडा? तुझ्या पुस्तकात एक बाई आरशासमोर उभी आहे. चौदा पानं झाली, उभीच! दाणे कधी टाकणार ती?"

*

मागच्या वेष्टणावरचा मजकूर: "प्रेम करणाऱ्या, काही घडवणाऱ्या आणि स्वतःला शोधणाऱ्या प्रत्येकीसाठी तहानी रिझ्क यांची सहावी कादंबरी."

*

त्या मंगळवारी माझा चष्मा मैद्याच्या डब्यावर राहिला होता.

१

मी इन्शिराह. कैरोत अझहरच्या मागच्या गल्लीत माझं बाइंडिंगचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं. छापखान्यातून कागद येतात. मी आणि माझी नणंद फिक्रिया ते दुमडतो, क्रमाने लावतो, दोऱ्याने शिवतो, वर पुठ्ठा चढवतो. सोळा पानांचा एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापखाना बारीक आकडा टाकतो. आम्ही फक्त तो आकडा बघतो. मजकूर बघत नाही. बाइंडर वाचायला लागला तर पुस्तकं कोण शिवणार?

लोक ज्यांना आदराने उस्ताझा म्हणतात, त्या तहानीबाईंची सहाही पुस्तकं आमच्याकडेच शिवली गेली. वर्षभर पुरेल असं हे एकच काम आमच्याकडे येतं. बाकी शाळेच्या वह्या, वकिलांच्या फायली. त्यांच्या पुस्तकांत काय असतं हे मला गिऱ्हाइकांकडूनच कळायचं. मध्येच भाजीची यादी येते, मध्येच कोणाचं तरी पत्र, मध्येच कोरं पान. बायका रडतात, नोकरी सोडतात, चित्रं काढायला लागतात, नवऱ्याला पहिल्यांदा चहा करायला लावतात. एकदा त्या स्वतः दुकानात आल्या होत्या.

"तुम्हाला कशी वाटतात माझी पुस्तकं?"

"शिवायला सोपी, उस्ताझा."

त्या इतक्या हसल्या की फिक्रियाच्या हातातली सुई सुटली.

२

समोरच्या इमारतीत मितवल्ली राहतो. खोली तिसऱ्या मजल्यावर, पण माणूस सापडतो तो छतावर, लाकडी ढाबळीशेजारी, अठ्ठेचाळीस कबुतरांत. चाळीस वर्षं तो घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडला. निवृत्त झाल्यावर त्याने शाळेच्या पाच वह्या भरून कबुतरांबद्दल लिहिलं: दाणा कोणता, शीळ कशी, थवा कधी सोडायचा, हरवलेल्या पक्ष्याचं काय करायचं. मग वह्या बगलेत मारून माझ्याकडे आला.

"हाझिमच्या आई, याचं पुस्तक होईल का गं? शंभर प्रती. आपली कबुतरवाली मंडळी काय तेवढी."

हाझिम माझा मुलगा. गल्लीत मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही.

मी छापखान्याला सांगितलं, तहानीबाईंच्या पुस्तकाचा कागद उरला असेल तर तोच वापरा. तोच पिवळसर कागद, तीच अक्षरं, तेवढाच आकार. चांगलं करायला गेले आणि तिथेच फसले. दोन्ही पुस्तकांचा सातवा फर्मा एकाच दिवशी आला, त्या मंगळवारी. तळाला दोन्हींवर नुसता सात. पान सत्त्याण्णव ते एकशे बारा.

मितवल्लीच्या शंभर प्रतींत तहानीबाईंचा सातवा गेला. तहानीबाईंच्या शंभर प्रतींत मितवल्लीचा.

४

कबुतरवाल्यांना चूक दोन दिवसांत कळली. वाचकांना कळलीच नाही. तहानीबाईंच्या पुस्तकात भाजीची यादी येऊ शकते, तर कबूतर का येणार नाही? उलट तेच पान मोबाइलवरून गावभर फिरलं. "ती" म्हणजे कोण, यावर मुलींमध्ये वाद झाले. कोणी म्हणे मैत्रीण, कोणी म्हणे आई, कोणी म्हणे बाईचं स्वतःचंच हरवलेलं मन. आस्यूतच्या एका मुलीने "कडी घालू नका" हे शब्द मनगटावर गोंदवून घेतले.

मग टीव्हीवर तहानीबाईंची मुलाखत झाली. निवेदकाने ते पान वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

"काही पानं कुठून येतात, आपल्यालाच कळत नाही," त्या म्हणाल्या.

"कुठून म्हणजे?" फिक्रिया टीव्हीला म्हणाली. "आमच्या इन्शिराहने पाठवली!"

मला हसू आलं नाही. मी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः शिवलेलं पुस्तक उघडून वाचलं. मितवल्लीचा सातवा फर्मा. तीन वेळा वाचला. मग छतावर गेले.

तो वाटीत मसूर निवडत होता. मी सगळं सांगितलं: चूक माझी, शब्द तुझे, आणि टाळ्या त्या बाईंना.

"मुलाखत बघितली मी," तो म्हणाला.

"मग गप्प का बसलास? चल, प्रकाशकाकडे जाऊ."

"अगं, तुला आमच्यातली रीत ठाऊक नाही का? दोन छतांमध्ये एक तर लढाई असते, नाही तर तह. तह असेल तर चुकून उतरलेलं पाखरू परत करायचं. लढाई असेल तर ज्याच्या छतावर उतरलं त्याचं. मागायला जाणाऱ्याचीच नाचक्की होते. माझा आणि त्या बाईंचा कुठे तह आहे?"

"ती काय कबुतरं पाळते?"

"मी कुठे कादंबऱ्या लिहितो?"

"मितवल्ली, ते तुझं लिहिणं आहे! तुझ्या नावावर एकच तर पुस्तक आहे, आणि त्याचा गाभाच दुसरीकडे गेला."

त्याने एक खडा निवडून बाजूला टाकला. "मी मागणार नाही. रीतीबाहेर जाऊन परत आणलेलं पाखरू छतावर टिकत नाही."

म्हणजे आता एकच वाट होती. परत करायचं तर ते तहानीबाईंनीच, आपणहून. आणि त्यांनी करावं म्हणून आधी कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं की ही चूक आमच्या दुकानात झाली. सांगितलं तर वर्षाचं काम गेलं. नाही सांगितलं तर मितवल्ली कायमचा आरशासमोरच्या त्या बाईबरोबर राहिला.

"जाऊ नकोस," फिक्रिया म्हणाली. "महिनाभरात विसरतील लोक."

"तो विसरेल का?"

मग तिनेच ते पान असलेली मितवल्लीची तिसरी वही कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

५

तहानीबाई मनियलला राहतात, नदीच्या बाजूला. दार त्यांनीच उघडलं. पायांत दोन वेगवेगळ्या सपाता, केसांत पेन्सिल.

"बाइंडरबाई!" त्या म्हणाल्या. "शिवायला सोपी पुस्तकं! या, या."

मी बसले नाही. उभ्याउभ्याच ते पान उघडून वही पुढे केली. मीटर वाचणाऱ्याचं अक्षर, सरळ, बुटकं, आकडे मोठे. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि तिथल्याच एका खुर्चीत बसल्या.

"तीन आठवडे मी वाट बघतेय," त्या म्हणाल्या, "कोणीतरी दार वाजवेल म्हणून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मी लिहिलेलं नाही, एवढं माहीत नसेल का? प्रकाशकाला फोन करायला रोज हात जायचा."

"मग केला का नाही?"

त्यांनी मेजावरचा पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "सहा पुस्तकं लिहिली, इन्शिराहबाई. लोक म्हणायचे, छान आहे, धीर आला. पण अशी पत्रं कधी आली नव्हती. ही बाई मला लिहिते की तिने कडी काढली. मला वाटलं, आणखी एक दिवस. उद्या सांगेन. प्रत्येक पुस्तकात लिहिते मी, स्वतःशी खरं वागा. सोपं असतं लिहायला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या सपाता बघून येईना.

"तुमच्या प्रकाशकाला सांगा," मी म्हणाले, "चूक बाइंडरची आहे. छापखान्याची नाही."

"ते बघू. ही वही ज्यांची, त्यांना काय हवंय? त्यांचं किती नुकसान?"

"ते काही मागणार नाहीत. त्यांच्यात तशी रीत आहे." आणि मी लढाई आणि तह समजावून सांगितला.

त्या ऐकत राहिल्या. मग उठून केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोवली.

"तह करायचा तर काय करावं लागतं?"

"समोरच्याच्या छतावर जाऊन त्याचा चहा प्यायचा. आणि एकेक पाखरू बदलायचं."

"सपाता बदलते," त्या म्हणाल्या.

६

कबुतरं सूर्य कलला की सोडतात. आम्ही चार जिने चढून वर पोहोचलो तेव्हा मितवल्लीचा थवा मशिदीच्या मनोऱ्यावरून वळत होता, आणि तो लांब काठीला बांधलेलं लाल फडकं हलवत होता. बाईंना धाप लागली होती. त्याने वळूनही पाहिलं नाही.

"डोकं खाली करा," तो म्हणाला. "तुमच्या ओढणीला बघून बुजतील."

त्या खाली बसल्या. पाण्याच्या डब्यावर. थवा दोनदा फिरला आणि उतरला. मग त्याने काठी ठेवली, स्टोव्ह पेटवला, तीन पेल्यांत चहा ओतला. त्यांनी पेला उचलला, आणि तेव्हाच त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चहा पिणं म्हणजे काय हे त्यांना कळलंय, हे त्याच्या ध्यानात आलं.

बाईंनी पिशवीतून स्वतःची कादंबरी काढली, चुकीची प्रत. पान सत्त्याण्णव उघडलं. वरच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "हे पान मितवल्ली अब्दुलबारी यांचं आहे. ते माझ्या छतावर उतरलं होतं."

"पुढच्या आवृत्तीत असंच छापून येईल," त्या म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकाचं नाव, कुठे मिळतं तेसुद्धा. उद्या पेपरात मी हेच सांगणार आहे. टीव्हीवर जे बोलले, त्याच्यासकट."

मितवल्लीने पुस्तक घेतलं. आपलं नाव त्याने बोटाने, मीटरचा आकडा वाचतात तसं, अक्षराअक्षराने वाचलं. दोनदा. मग प्रत मांडीवर ठेवली आणि ढाबळीकडे बघत बसला. डोळे पुसायला त्याने तेच लाल फडकं वापरलं.

"आता माझी पाळी," तो म्हणाला. "तुमची ती आरशासमोरची बाई आमच्याकडे उतरलीय. नेता का परत?"

"आवडली का तुम्हाला?"

"चांगली आहे. पण चौदा पानं उभी आहे बिचारी. तिला खुर्ची द्या की."

तहानीबाईंनी पेन्सिल काढली आणि मनगटावरच काहीतरी लिहिलं. नंतर त्यांनी मला दाखवलं: "खुर्ची".

"ती राहू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "तह आहे ना? मग बदली झाली. फक्त तुमचा सातवा परत जोडून घ्या."

"जोडते," मी म्हणाले. "या वेळी चष्मा लावून."

"एक विचारू?" त्या मितवल्लीला म्हणाल्या. "मला सगळे विचारतात आणि मला सांगता येत नाही. ही 'ती' कोण?"

"कबूतर."

"नक्की?"

"नक्की. काळ्या शेपटीची होती. अब्बासियाकडे गेली ती आलीच नाही."

मी तोंड उघडणार होते. सनिय्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. मितवल्लीने माझ्याकडे पाहिलं, मी पेला तोंडाला लावला.

प्रकाशक फोनवर तासभर ओरडला. नंतर दुसऱ्या आवृत्तीचे फर्मे आले, आमच्याकडेच. प्रत्येकाच्या तळाला आकड्याशेजारी पुस्तकाचं नावही होतं. मी सातवा फर्मा उघडून पाहिला: आरशासमोरची बाई बसली होती, आणि तिच्यामागच्या पानावर ढाबळीचं दार, वर मितवल्लीचं नाव. त्याच्या पुस्तकाच्या शंभर प्रती मी उसवल्या, त्याचा सातवा घातला, परत शिवल्या. तहानीबाईंचा सातवा शेवटी जोडला, कारण त्याने तसं सांगितलं.

इम्बाब्याहून पुन्हा फोन आला. ती बाई अजून तिथेच आहे का म्हणून.

३

मितवल्लीची बायको सनिय्या, त्याने वह्या लिहायला घेतल्या त्याच्या आदल्या हिवाळ्यात वारली. एकतीस वर्षांच्या संसारात ती छतावर दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा कपडे वाळत घालायला.