समुद्राला दिलेलं शेत

माझी लेक योझिना बांधप्रमुख झाली तेव्हा मी गावभर मिरवून घेतलं होतं. आमच्या समुद्रकाठच्या झेलँड प्रांतात पंतप्रधान कोण हे एखादा विसरेल, बांधप्रमुख कोण ते नाही. समुद्राच्या पातळीखाली अंथरूण घालणारी माणसं आम्ही. बांध धड तर आम्ही धड. त्या खुर्चीत पहिल्यांदाच बाई बसली, आणि तीही माझी.

म्हणून त्या सभेला मी मुद्दाम पुढे बसले. चर्चच्या मागच्या खोलीत कॉफी फिरली, एकेक बिस्किट देऊन डबा बंद झाला. बांध आणखी मीटरभर उंच करायचा ठराव येणार, हात वर करायचे आणि घरी जायचं, असंच सगळे धरून चालले होते. आजवर तेच होत आलंय.

योझिनाने भिंतीवर नकाशा लावला आणि म्हणाली, बांध वाढवायचा नाही, फोडायचा.

माझा कप तोंडापाशीच राहिला. शेजारच्या इझाकने कानातलं यंत्र काढलं, त्यावर फुंकर मारली आणि परत घातलं. बिचाऱ्याला वाटलं, यंत्रच बिघडलंय.

ती शांतपणे समजावत होती. समुद्र चढतोय, आपली जमीन खचतेय. बांध जितका उंच, तितकं फुटल्यावर पाणी वरून कोसळणार. त्यापेक्षा पुढची शेतं भरतीला मोकळी करायची. तिथे गाळ साचेल, लाटांचा जोर मोडेल, आणि मागे गावाला लागून नवा बांध घालायचा. सोडायची जमीन तिने नकाशावर निळी रंगवली होती. त्या निळ्यात एकच घर होतं, माझं.

आदल्याच रविवारी माझ्या हातचं वाटाण्याचं सूप दोनदा मागून घेतलं होतं कार्टीने, आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

इझाक उठला. "हे बघ पोरी, तू शिकलीस, मोठी झालीस, सगळं मान्य. पण आपल्या बापजाद्यांनी मातीच्या टोपल्या वाहून समुद्रातून काढलेली जमीन आहे ही. नेलाला, तुझ्या आईला, या वयात घराबाहेर काढायला आमच्यातला एकही हात वर करणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावसभेने नाही म्हटलं की योजना तिथेच बारगळणार होती. माझं घर वाचल्यातच जमा होतं. पण माझा राग मावेना. मी उभी राहिले.

एकोणीसशे त्रेपन्न सालच्या पुरात याच बांधाला भगदाड पडलं. आम्ही छपरावर चढलो होतो. माझा धाकटा भाऊ क्राइन, त्याचा हात माझ्या हातात होता, आणि मग नव्हता. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

"ज्या समुद्राने माझा क्राइन नेला," मी म्हटलं, "त्याला तू माझं शेत आणून देतेस? आणि मला आधी सांगायचीही लाज वाटली?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आई," ती म्हणाली. "आणि मी तुझं ऐकलं असतं." मग तिने नकाशावरच्या निळ्यावर हात ठेवला. "हो, शेत देतेय. पुन्हा पोरं द्यायला लागू नयेत म्हणून."

आईला असं सगळ्यांसमोर बोलायचं! तिचं थोबाड रंगवावंसं वाटलं मला. पण मागच्या रांगेत इझाकची नातसून तान्हं बाळ घेऊन बसली होती, आणि माझी नजर तिथून हटेना.

मी हात वर केला.

इझाकने माझ्याकडे पाहिलं, स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि त्याने हात वर केला. मग बाकीचेही हात वर गेले, हळूहळू, नाइलाजाने. योझिनाने ते मोजले. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि त्याचाही मला राग आला.

बाहेर गार वारा सुटला होता. ती माझ्यामागे आली, गाडीचं दार उघडलं.

"चल, घरी सोडते," ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघताच तिचा चेहरा पडला. सगळ्या गावासमोर ताठ उभी राहिलेली माझी लेक दाराला धरून लहान पोरीसारखी रडायला लागली.

मी आत जाऊन बसले.

"सोड," म्हटलं. "अजून आहे ते."