भाजीचं काय मोजाचं?

"बांगड्याबी काढू काय?" वजनकाट्यासमोर उभं राहून आईने विचारलं. चपला तिने आधीच काढल्या होत्या. पदराची पिन आणि कमरेचा बटवा माझ्या हातात दिला होता.

"बांगड्यांनी काही फरक पडत नाही, आजी," आहाराची माहिती देणारी मुलगी म्हणाली.

"पडते ना. काचाच्या हायेत."

अकोल्याच्या त्या दवाखान्यात आम्ही दुसऱ्यांदा आलो होतो. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख वजन उतरलं तरच मिळणार होती. एवढ्या वजनावर भूल देणं धोक्याचं आहे, असं डॉक्टरांनी पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं. तिच्या हृदयाचा आलेख बघताना त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद जवळ घेतला आणि काही न बोलता फाइलमध्ये ठेवला. आई तेव्हा पायात चपला चढवत होती. तिने ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

ती काट्यावर चढली. आकडा हलला, थरथरला आणि थांबला. वजन कमी झालं नव्हतं. थोडं वाढलंच होतं.

"काटा बरोबर हाये ना?" आईने खाली बघत विचारलं.

"बरोबर आहे, आजी. बसा. भाकरी किती खाता?"

"अर्धी. पहिले दोन खावो."

"भात?"

"सोडला."

"साखर?"

"चहा कोराच पेतो. ह्या पोट्टीनं साखरेचा डबा कुठी लपवला, थे तिलेच ठाऊक."

"आणि भाजी?"

"भाजी लागन तेवढी. तुमीच त सांगतलं होतं, पोटभर भाजी खा म्हणून. भाजीचं काय मोजाचं?"

मुलगी हसली. मी फोन पुढे केला. दोन महिने आईच्या पोटात जाणारं सगळं मी त्यात टाकत होते. पालक एक वाटी, दुधी एक वाटी, काकडी, मुळा, कोथिंबीरसुद्धा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, नोंदी ठेवणं हा माझा धंदाच आहे. त्या मुलीने बोटाने यादी वर सरकवली.

"ताई, काकडी-पालक मोजलं नाही तरी चालतं. भरपूर खाऊ द्या. पाल्यात असतं किती?"

"पण काही ठिकाणी लिहिलेलं असतं की भाजीही मोजा. मोजली नाही तर अंदाज चुकतो."

"एवढं बारीक नका जाऊ."

"मग वजन का उतरत नाही?"

"काहीतरी मोजायचं राहत असेल," ती म्हणाली आणि तिने पुढच्या पेशंटला हाक मारली.

ते वाक्य माझ्यासोबत बसस्टँडवर आलं. काहीतरी राहतंय. काय राहतंय? मी सकाळपासूनचं सगळं पुन्हा मनात उलटून पाहत होते. आई मात्र निवांत होती. तिने काकडी विकत घेतली, तिखटमीठ लावून घेतली आणि बाकावर बसून खाऊ लागली. मी फोन काढला.

"काकडीबी टाकली काय व त्यात?"

"टाकली."

"अन् मीठ?"

"मिठाचं काही लागत नाही."

"मंग मीठच खातो उद्यापासून." ती स्वतःच्याच विनोदावर खुदखुदली. शेजारच्या बाईलाही तिने सामील करून घेतलं. "पोट्टी माही लायब्ररीत हाये. पुस्तकं मोजता मोजता आता मले मोजून राहिली."

आई वीस-बावीस वर्षं वलगावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तांदूळ, डाळ, तेल, सगळं माणशी ठरलेलं असायचं आणि साहेब येऊन तपासून जायचे. तिच्या लेखी मोजमाप ही सरकारी गोष्ट होती. घरी जेवताना कोणी मोजतं, हे तिला हसण्यासारखंच वाटायचं. बाबा गेल्यावर गजेंद्रने, माझ्या भावाने, शेती सांभाळली आणि आईचे गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा मी तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं.

बस मूर्तिजापूरच्या पुढे गेल्यावर ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "गुडघे झाले ना, का मोझरीच्या आश्रमात जाऊ आपण."

"जाऊ की."

"तसं नाई. मागच्या वेळी प्रार्थनेले मले मागं खुर्चीवर बसवलं, म्हाताऱ्यायच्या लायनीत. सारे खाली सतरंजीवर अन् मी वर. बसल्यासारखं वाटतच नाई. मले खाली बसाचं हाये, मांडी घालून, सगळ्यायच्या संग." गुडघ्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "तेवढंच पायजे. बाकी काई नाई."

मी मान हलवली. माझ्या डोक्यात तो कपाळावरचा चष्मा होता.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर आई थांबायची आणि तिथल्या विजेच्या मीटरकडे बघायची, जणू मीटर वाचायलाच थांबली आहे. त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ मीटर वाचत होती. मी तिच्या मागे एक पायरी खाली उभी होते, दोन्ही हात किंचित पुढे धरून. तिने वळून पाहिलं तेव्हा मी हात खाली घेतले.

"बस, मी करते स्वयंपाक," घरात आल्यावर मी म्हणाले.

"तू करतं थे भाजी नसते, गवत असते. सरक."

एरवी मी घरी येईपर्यंत स्वयंपाक झालेला असायचा. 'आज काय?' असं मी विचारायचे, ती 'पालक' म्हणायची आणि मी पालक टाकायचे. त्या दिवशी रजा होती म्हणून ती करताना मी शेजारी उभी राहिले. तिने स्टुलावर बसून पालक चिरला. तुरीच्या डाळीत घालून घोटला, मूठभर शेंगदाणे घातले. इथपर्यंत मला ठाऊक होतं. मग वाट्या भरून झाल्यावर तिने लोखंडी कढल्यात तेल तापवलं, लसूण लाल होऊ दिला, दोन सुक्या मिरच्या टाकल्या आणि ते कढलं आपल्या वाटीवर उपडं केलं. चर्र झालं. हिरव्या भाजीवर तेलाचा तवंग काठापर्यंत पसरला.

"हे रोज घालतेस?"

"मंग? त्याबिगर भाजी गयाखाली उतरन काय?"

मी त्या वाटीकडे बघत राहिले. हीच भाजी मी लहानपणापासून खात आले होते. तिच्यावर तेल असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे ते तेल वेगळं कोणी धरतच नाही. भाजी झाली म्हणजे वरून फोडणी पडलीच. आईने ते कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. फोनमध्ये दोन महिने नुसता पाला भरत होते मी.

"आई, पाल्यात काहीच नाही गं. सगळं या तेलात आहे. आणि दाण्यात."

"मंग त्या पोरीनं काहून नाई सांगतलं?"

"तिला काय माहीत आपण वरून तेल ओततो? ती म्हणाली भाजी खा, तू खाल्लीस. भाकरी कमी केलीस ती याच्यात भरून निघाली."

आई वाटीकडे बघू लागली. क्षणभर तिचा चेहरा पडला. दोन महिने अर्धपोटी राहून केलेलं कोणीतरी पुसून टाकावं तसा. मग ती म्हणाली, "बरं. उद्यापासून तूच घालजो चमच्यानं. मी हात नाई लावत कढल्याले."

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"हसून कुठी राहिली मी?"

"तुला कळत नाही का, वजन उतरलं नाही तर काय होईल ते?"

"काय होईन? ऑपरेशन नाई होणार. खुर्चीवर बसीन."

मी तिच्या ताटात अर्धी भाकरी वाढली. तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"साधना, तुले काय होऊन राहिलं व? वजन माहं, गुडघे माहे, अन् वाळून तू चालली. कालपासून जेवली नाई धड. खरं सांग."

उत्तर माझ्याजवळ होतं. त्या चष्म्यापासून ते माझ्याजवळ होतं. रात्री तिचा श्वास ऐकत मी अंथरुणात तेच घोळवत असायचे.

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून," मी म्हणाले.

"बरं बाप्पा." तिने वाटी पुढे ओढली, भाजी सगळी संपवली आणि शेवटच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली.

सकाळी ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. पोटात गॅस धरल्यासारखं वाटतंय म्हणाली. मी ओव्याचं पाणी आणायला वळले. तेवढ्यात तिने माझं नाव अर्धंच घेतलं. खालचे सहदेवकाका गाडी काढेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दवाखान्यात नेलं, ते नुसतं ती गेली असं कोणीतरी सांगावं म्हणून.

गजेंद्र आला. मधल्या वेळात तिला घरी आणलं होतं आणि आता वलगावला न्यायचं होतं. जिना अरुंद आहे. चौघांनी उचललं. पहिल्या वळणावर त्यांना थांबावं लागलं.

"जड हाये, सांभाळा," कोणीतरी हळू म्हणालं.

ते वाईट मनाने म्हटलेलं नव्हतं. खरंच तोल जात होता. गजेंद्रने खांदा बदलला, घाम आणि डोळे एकाच बाहीने पुसले आणि खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "काई नाई आई, जमून राहिलं. भेऊ नको."

त्याला ते किती सहज म्हणता आलं.

संध्याकाळी, नदीवरून माणसं परत आल्यावर, वलगावच्या घरी कडू घास आला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे शिजवून आणतात आणि घरच्यांना समोर बसवून खाऊ घालतात. पार्बताबाईंनी डबा उघडला. त्या आणि आई एकाच चुलीवर खिचडी शिजवायच्या. भाकरी होती आणि पालकाची डाळभाजी. वरचं तेल थिजत आलं होतं, लसूण त्यात काळपट दिसत होता.

आम्ही सतरंजीवर भिंतीला टेकून बसलो होतो. गजेंद्रने घास घेतला, चावला, गिळला. माझी पाळी आली तेव्हा माझं तोंड उघडेना.

"घे व माय. एक घास."

मी मान हलवली.

"असं नाई करत. तुयी माय असती त ऐकलं असतं काय तिनं?" पार्बताबाईंनी डोळे पदराने टिपले आणि टिपता टिपता त्या हसल्या. "फोन करे मले. म्हने, पार्बते, माही पोट्टी काकडीबी मोजून देते. मी म्हणो, अवं मंग भांडत काहून नाई तिच्यासंग? त म्हने, मोजू दे, तिचं मन राहते."

बायका हुंदके देत हसल्या. पार्बताबाईंनी घास पुन्हा माझ्या ओठांपाशी आणला. मी तोंड उघडलं. घास आत गेला. तेल, लसूण, डाळ. मी तो गिळला.

"कशी हाये?" त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं असेल.

मी त्यांच्याकडे बघत होते, पण त्यांच्याशी बोलत नव्हते. कित्येक वर्षांत मी या घरात ज्या बोलीत बोलले नव्हते, तिच्यात आवाज आला. मोठ्याने आला. ओसरीवरचे पुरुषही बोलायचे थांबले.

"मले तुया वजनाचं काई नव्हतं, आई. मले भेव लागे. तू मरशीन म्हणून मले रोज भेव लागे."